पाच दिवसांसाठी शेजारी जाताना

(गटाच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कालपासून आपण पोटगी, रेशन, घरातली मारहाण असे विषय घेतोय आणि आता माझ्या वाट्याला व्हिसा आलाय. पत्रिका वाचून चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, "परदेशी चाललंय कोण?" चाललोय आपणच. शेजारच्या देशांतल्या बायकांच्या गटांबरोबर पाच दिवस एकत्र बसायचं, असं गेलं वर्षभर आपलं ठरत आलंय. पाकिस्तानातल्या दोघी, श्रीलंकेतल्या तिघी, नेपाळमधल्या काही जणी आणि आपल्या सात. विषय ठरले, पैसेही थोडेफार जमले. अडलंय ते जागेपाशी. आणि जागा ठरवायची म्हणजे खरं तर व्हिसा ठरवायचा, हे लक्षात यायला आपल्याला सहा महिने लागले. आज संध्याकाळी आपल्याला निर्णय घ्यायचा आहे, म्हणून पर्याय काय आहेत ते मी मांडावं, असं कार्यकारिणीनं सांगितलं.

मागच्या आठवड्यात या सात जणींपैकी एकीचा मला फोन आला. ती तालुक्याच्या गावी राहते, शिवणकाम करते, पहिल्यांदाच देशाबाहेर जाणार आहे. म्हणाली, "ताई, इथला एजंट म्हणतो, कुठंही जायचं असलं तरी टूरिस्ट टाका, सोपं जातं. टाकू का?" मी म्हटलं, "तू चाललीस कशाला?" "बैठकीला." "मग टूरिस्ट कसं टाकशील?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "घरीसुद्धा सहल म्हणूनच सांगितलंय."

आम्ही दोघी खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मी विचारात पडले. व्हिसाच्या अर्जात एक रकाना असतो, 'येण्याचं कारण'. तो रकाना आपण बायका रोजच भरत असतो. देवळात चालले, दवाखान्यात चालले, बहिणीकडे चालले. इथं बसलेल्यांपैकी किती जणी घरी 'शिबिराला' असं सांगून आल्यात? हात वर करू नका, मला साधारण अंदाज आहे.

आता पर्याय. ज्यांना ज्यांना बोलवायचंय त्यातल्या पाकिस्तानातल्या मैत्रिणींपासून सुरुवात करते, कारण खरा पेच त्यांच्यामुळे आहे. आपण त्यांच्याकडे जावं किंवा त्यांनी आपल्याकडे यावं, हे सगळ्यात सरळ. तेच आज होत नाही.

मी स्वतः एकदा तिकडे गेले होते, २००४ साली. तेव्हा वातावरण जरा निवळलं होतं. दिल्ली-लाहोर बस पुन्हा सुरू झालेली होती. माझ्या मैत्रिणीनं तिकडून हमीपत्र पाठवलं आणि मला व्हिजिटर व्हिसा मिळाला. दोन देशांमधला हा व्हिसा देशाचा नसतो, शहरांचा असतो. ज्या गावांची नावं त्यावर लिहिलेली असतात तेवढ्याच गावांत तुम्ही जायचं. माझ्या व्हिसावर 'लाहोर' एवढंच लिहिलेलं. मैत्रिणीची आई कसूरला राहायची. कसूर लाहोरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो एवढं. मला जाता येईना. शेवटी सत्तरी उलटलेली ती बाई बसमधून हिंदकळत लाहोरला आली, मला बघायला. येताना तिनं डबा भरून मेथी आणली होती, कारण कसूरची मेथी मी खाल्ल्याशिवाय परत जाणं तिला मंजूर नव्हतं. पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे जाऊन नोंद करायची, निघताना पुन्हा करायची. पहिल्या खेपेला मी घाबरले होते. तिथला हवालदार माझा फॉर्म बघून म्हणाला, "बंबई?" आणि पुढची दहा मिनिटं सिनेमांविषयीच बोलत बसला.

ही सगळी पद्धत १९७४ च्या कराराची. २०१२ साली सप्टेंबरमध्ये नवा करार झाला. त्यात तीनऐवजी पाच ठिकाणी जायची मुभा आली. पासष्ट वर्षांवरच्या माणसांना अट्टारी-वाघा इथं पोचल्यावर पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा मिळेल, असं ठरलं. दहा ते पन्नास जणांच्या गटाला पर्यटक म्हणून व्हिसा, हेही त्यात होतं. आपल्यासारख्या गटांना केवढा आनंद झाला होता! ज्येष्ठांसाठीची ती सोय १५ जानेवारी २०१३ ला सुरू व्हायची होती. त्याच सुमारास सीमेवर जवान मारले गेले आणि ती थांबवली गेली. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये समझौता एक्सप्रेस, थर एक्सप्रेस आणि लाहोरची बस, तिन्ही बंद पडल्या. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला पर्यटकांची हत्या झाली. त्यानंतर आपल्या सरकारनं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, अट्टारीचं नाकं बंद झालं. त्यांच्या सरकारनंही तसंच केलं. त्या आठवड्यातली अट्टारीची दृश्यं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. लग्न होऊन पाकिस्तानात गेलेल्या, पण पासपोर्ट अजून भारताचाच असलेल्या बायका माहेरी आल्या होत्या. त्यांच्या पोरांचे पासपोर्ट पाकिस्तानचे. पोरांना पलीकडे जा म्हणाले, आईला थांब म्हणाले. पाच दिवसांसाठी, पंधरा दिवसांसाठी माहेरी आलेल्या बायका त्या. शत्रुत्व दोन सरकारांचं आणि पासपोर्टचा रंग तपासला जातो तो आईच्या कडेवरच्या पोराचा.

हे काही फक्त पंजाबचं दुःख नाही. आपल्या कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत मामी कराचीची, आत्या कराचीची असते. तिथं कोकणी मुसलमानांची वस्ती आहे, मराठी बोलणारी हिंदू कुटुंबंही आहेत. १९६५ च्या लढाईपर्यंत मुंबई-कराची बोट चालायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मुंबईतली त्यांची आणि कराचीतली आपली, दोन्ही वाणिज्य दूतावासांची कचेरी बंद झाली. मग रत्नागिरीकडच्या बाईनं व्हिसासाठी दिल्लीला जायचं, तिथून अमृतसर, लाहोर, आणि खाली कराची. समुद्रानं दीड-दोन दिवसांच्या वाटेवर असलेल्या बहिणीसाठी हा सगळा फेरा. आमच्या वस्तीतल्या एका खाला दोन वेळा अर्ज करून बसल्या. दुसऱ्या वेळी व्हिसा आला तेव्हा बहिणीचा चाळिसावाही होऊन गेला होता. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "आता कारण काय लिहू?"

आणि तरीही बायकांनी हा रस्ता सोडला नव्हता, हेही सांगायला हवं. मार्च २००० मध्ये, कारगिलला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, आपल्या नागपूरच्या निर्मलाताई देशपांडे बायकांनी भरलेली बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. नंतर अस्मा जहांगीर तिकडच्या बायकांना घेऊन दिल्लीला आल्या. आज तशी बस काढायची म्हटली तर ती जाणार कुठून? म्हणून पाकिस्तानातल्या मैत्रिणींना भेटायचं तर तिसऱ्या देशात, हे पहिलं गृहीत.

बांगलादेशाचं थोडक्यात सांगते. तिथं जाण्याआधी त्यांच्या कचेरीतून व्हिसा घ्यावा लागतो, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या सत्ताबदलानंतर दोन्हीकडून व्हिसाच्या कामात इतके चढउतार झालेत की तारीख ठरवून तिकिटं काढायची हिंमत मी करणार नाही. भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पण २०२२ च्या सप्टेंबरपासून भारतीयांना दर माणशी, दर रात्री बाराशे रुपये शुल्क आहे. पाच रात्रींचे सहा हजार, नुसते तिथं झोपायचे. देश सुंदर आहे, आपल्या पैशाचं काम नाही.

राहिले दोन, श्रीलंका आणि नेपाळ.

श्रीलंकेचा प्रवासपरवाना २०१२ पासून संगणकावरून मिळतो, त्याला ईटीए म्हणतात. फी कधी माफ होते, कधी पुन्हा लागते. निघायच्या आधी त्यांच्या सरकारी पानावर बघायचं, एजंटच्या तोंडावर विश्वासायचं नाही. यात तीन प्रकार आहेत: टूरिस्ट, बिझनेस आणि ट्रान्झिट. 'बिझनेस' म्हटलं की आपल्याला वाटतं, सुटाबुटातल्या व्यापाऱ्यांचं काहीतरी. तसं नाही. परिषद, कार्यशाळा, चर्चासत्र, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण हे सगळं त्यात बसतं. म्हणजे आपली बैठक तिथं 'बिझनेस' ठरते. टूरिस्टमध्ये फिरणं आहे, तीर्थयात्रा आहे, आयुर्वेदिक उपचार आहेत, आणि नातेवाईक किंवा मैत्रिणींना भेटणंही आहे. म्हणजे तुम्ही खरोखर कोलंबोतल्या मैत्रिणीच्या घरी आठ दिवस राहायला चाललात, तर टूरिस्ट म्हणून जाणं अगदी खरं आहे. उगाच घाबरून मोठं काहीतरी लिहायची गरज नाही. पण पिशवीत कार्यक्रमपत्रिका आहे, निमंत्रणाचं पत्र आहे, गुंडाळलेला बॅनर आहे आणि अर्जावर 'पर्यटन' आहे, हे जुळत नाही.

इथं मला माझी फजिती सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेजारी देशात मी अशीच गेले. बैठकीला गेले होते आणि व्हिसा टूरिस्टचा. सगळेच असं करतात, असं मला अनुभवी लोकांनी सांगितलं होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "फिरायला." तो म्हणाला, "काय काय बघणार?" आणि मैत्रिणींनो, मला त्या देशातल्या एका ठिकाणाचं नाव आठवेना. एकही नाही! बैठकीचे तिन्ही दिवसांचे विषय पाठ होते, वक्त्यांची नावं पाठ होती, पण एक देऊळ, एक तळं, एक डोंगर सांगता येईना. त्यानं बॅग उघडायला लावली. वरच साठ पत्रकांचा गठ्ठा होता. दोन तास मला एका बाकावर बसवलं आणि शेवटी समज देऊन सोडलं. परत पाठवलं असतं तरी तक्रार करायला तोंड नव्हतं. पण त्याहून वाईट मला नंतर कळलं. बाहेर मला घ्यायला आलेल्या तिथल्या कार्यकर्तीला आत बोलावून तिचं नाव, संस्था, पत्ता सगळं लिहून घेतलं होतं. मी पाच दिवसांनी घरी परतले. चौकशीला तोंड द्यायला ती तिथंच राहिली. तेव्हापासून कोणी म्हणालं, 'सगळेच असं करतात', की मला त्या बाईचा चेहरा दिसतो.

काही जणी म्हणतील, खरं कारण लिहिलं तर व्हिसा नाकारतील, मग काय? नाकारतात, कधीकधी. आपलं सरकारही काही मोकळ्या मनाचं नाही. आपल्याकडे परिषदेला येणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे आणि काही देशांतल्या पाहुण्यांसाठी आयोजकांना आधी दिल्लीहून परवानगी आणावी लागते. कार्यकर्त्यांनी एकमेकांना भेटणं कुठल्याच सरकारला फारसं आवडत नाही. तरी माझं मत असं आहे की, नकार आला तर तो कागदावर येऊ दे. त्यावर बोलता येतं, लिहिता येतं. आपणच सहलीला गेलो असं लिहून दिलं की आपलं कामही आपणच पुसलं.

तर श्रीलंका का नको? कागदाच्या दृष्टीनं ती चांगली आहे. पाकिस्तानातल्या मैत्रिणींनाही ईटीएवर येता येतं. अडचण आपल्याकडची आहे. तिथं पासपोर्टशिवाय भागत नाही, तोही सहा महिने मुदत शिल्लक असलेला, आणि आपल्या सात जणींपैकी पासपोर्ट आहे तिघींकडे. पासपोर्ट असलेल्या तिघी कोण? मी, वकीलबाई आणि आपल्या प्राध्यापक. बाकीच्या चौघींना नाही. म्हणजे व्हिसानं ठरवायचं तर बैठकीला आपण तिघीच जाणार आणि घरकामगार बायकांच्या प्रश्नावर घरकामगार बाईशिवाय बोलणार. हे आपण यापूर्वी बरेच वेळा केलंय. पुन्हा करायचं का, हे तुम्ही ठरवा.

म्हणून मी नेपाळच्या बाजूची आहे. ३१ जुलै १९५० च्या तहामुळे आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही. श्रीलंका, पाकिस्तानच्या मैत्रिणींना काठमांडूला उतरल्यावर व्हिसा मिळतो आणि सार्क देशांच्या नागरिकांना वर्षातून एकदा तीस दिवसांचा तो फुकट असतो. त्यांना वळसा मोठा पडेल, पण दार उघडं आहे. एक गोष्ट मात्र नेपाळच्या गटाला आजच लिहून विचारायला हवी. उतरल्यावर मिळणारा तो व्हिसा टूरिस्टचाच असतो. बैठकीसाठी तो चालेल का, हे तिथल्या खात्याकडून त्यांनी लेखी घ्यावं. आपल्याला व्हिसा नाही म्हणून आपण निवांत आणि त्या दोघी विमानतळावर बाकावर, असं व्हायला नको.

आता 'व्हिसा लागत नाही' याचा अर्थ कागद लागत नाही असा नाही. विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोनच. आधार कार्ड चालत नाही. पंधरा वर्षांखालची मुलं आणि पासष्टच्या वरची माणसं यांनाच आधारसारखी इतर फोटोची ओळखपत्रं चालतात. हे पुन्हा सांगते, कारण आपल्याकडे आधार दाखवलं की सगळी दारं उघडतात अशी समजूत आहे.

आणि इथं आपल्या मराठी बायकांची खास भानगड सुरू होते. नावाची. आपलं मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. आडनाव बदलतं. आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून पहिलं नावही बदलतात. परवा चौघींचे कागद मी टेबलावर मांडले. एकीचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, मतदार कार्डावर तिसरं, आणि आधारवर पहिलं नाव सासरचं पण आडनाव माहेरचं. त्यात नवऱ्यानं सोडून दहा वर्षं झाली, पण कार्डावर तो अजून मधोमध बसलेला. मी विचारलं, "तुझं खरं नाव कुठलं?" ती म्हणाली, "तुम्ही हाक मारता ते." विमानाचं तिकीट काढणारा पोरगा आधारवरून नाव टाकतो आणि विमानतळावर दाखवायचं असतं मतदार कार्ड. दोन्हींत फरक असला की तिथंच थांबवतात. गेल्या खेपेला आपल्या एकीला असंच मुंबईच्या विमानतळावरून परत यावं लागलं. ती रडली नाही, शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी गोरखपूरची गाडी पकडली. गोरखपूरहून बसनं सुनौली, तीनेक तास. कमान ओलांडली की नेपाळ. तिथं तिकिटाशी नाव जुळवायला कोणी बसलेलं नसतं. पुढे काठमांडूपर्यंत बसनं आख्खा दिवस. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी. मला वाटतं, चौघींनी आणि शक्य असेल तर सातही जणींनी रेल्वेनंच जावं. स्वस्तही पडेल. पण ओळखपत्र तरीही जवळ हवंच.

पासपोर्ट काढायचा असेल त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट. डिसेंबर २०१६ पासून नियम बदललेत. आई-वडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. लग्नाचा दाखला लागत नाही. घटस्फोट झालाय किंवा वेगळ्या राहताय, तर नवऱ्याचं नाव द्यायचं बंधन नाही. मुलाच्या पासपोर्टसाठी नवरा सही देत नसेल तर आईच्या प्रतिज्ञापत्रावर अर्ज करता येतो. खिडकीवरचा माणूस तरी विचारेल, "मिस्टरांचं काय?" त्याला नम्रपणे नियम दाखवायचा. माणूस जुना असतो, नियम नवा असतो.

उघड्या सीमेचं मी एवढं कौतुक करतेय, तर तिची दुसरी बाजूही सांगते, कारण ती मुंबईत घडलेली आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या, त्यातल्या जवळजवळ निम्म्या नेपाळच्या. येताना त्यांना कोणी कागद विचारला नव्हता. विकणाऱ्याबरोबर चालणाऱ्या पोरीला सीमा उघडीच होती. पण परत जायची वेळ आली तेव्हा विचारणा झाली, या आमच्याच कशावरून? नागरिकत्वाचा दाखला कुठं? तिथं तेव्हाच्या राज्यघटनेत नागरिकत्व बापाकडून यायचं. दाखला काढायला बाप किंवा नवरा पुढे व्हायला लागायचा. ज्या बापानं किंवा नवऱ्यानंच विकलं तो कुठून पुढे होणार? महिनेच्या महिने त्या मुली इथल्या सुधारगृहांत अडकल्या. शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी पुढाकार घेऊन शंभराहून अधिक जणींना नेलं. त्याच परतलेल्या मुलींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' नावाची स्वतःची संघटना उभी केली. तिला २०१३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण काठमांडूला गेलो तर त्यांना भेटायचंच आहे, ते मी आपल्या टिपणात लिहिलंय.

मुली विकल्या जातात, यावर सरकारांना सुचलेला उपाय बघा. २०२१ च्या फेब्रुवारीत नेपाळच्या इमिग्रेशन खात्यानं एक प्रस्ताव आणला. आखाती आणि आफ्रिकी देशांत पहिल्यांदा भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्या चाळीस वर्षांखालच्या बाईनं घरच्यांचं संमतिपत्र आणि वॉर्ड कचेरीची शिफारस आणावी, असा. काठमांडूत बायका रस्त्यावर उतरल्या आणि तो तिथंच राहिला. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडेही दहावी न झालेल्या बाईला ठराविक देशांत कामाला जायचं तर तिचं वय तीस पूर्ण लागतं. हेतू संरक्षणाचा, हे मला मान्य आहे. होतं काय? एजंट तिला कामाच्या व्हिसावर नेतच नाही. टूरिस्ट म्हणून नेतो. तिच्या कागदावर 'सहल' आणि हातात दुसऱ्याच्या घरचं फडकं. मालकानं पगार दिला नाही, मारलं, तर ती तक्रार कुणाकडे करणार? कागदानुसार ती तिथं कामाला आलेलीच नाही. तालुक्याच्या त्या एजंटनं आपल्या मैत्रिणीला 'टूरिस्ट टाका' म्हटलं तेव्हा मला आधी आठवलं ते हे. त्याच्या मनात काही वाईट नसेल. पण रकाना त्यानं भरायचा आणि सही हिनं करायची, हे मात्र मला चालणार नाही.

तर संध्याकाळच्या निर्णयासाठी माझी सूचना काठमांडूची. कोलंबो हवं म्हणणाऱ्यांनी चार जणींच्या पासपोर्टचं काय, ते आधी सांगावं. पैसे आणि चार-सहा महिने असतील तर माझीही ना नाही. काठमांडू ठरलं तर चौघींनी उद्या सकाळी मतदार कार्ड घेऊन यावं. नावात दुरुस्ती असेल तर आठ नंबरचा अर्ज भरायचा आहे. वकीलबाई बसणार आहेत. कोणतं नाव ठेवायचं ते घरी विचारून नको, ठरवूनच या. पैशांचं म्हणाल तर नेपाळमध्ये आपल्या शंभरापर्यंतच्या नोटा जवळ ठेवा, मोठ्या नोटांचे नियम सारखे बदलतात.

शिवणकामवाली आपली मैत्रीण मागं बसली आहे, आणि मघापासून माझ्याकडे डोळे वटारतेय, की माझी गोष्ट सगळ्यांसमोर कशाला सांगितली. काल रात्री तिनं घरी फोन केला होता. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. जेवायला बसा आता, भाकऱ्या गार होतायत.